एकावर सात: कबड्डीत चालतं, मग आकाशात का खुपतं?

"मावशी, हरलीस की तुला नियम आठवतात," असं माझा भाचा म्हणाला. ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आदल्या रात्री मी ज्या धावपट्टीवरून उडायला बघत होते, तिच्यावर समोरच्या बाजूची वीस-बावीस विमानं घिरट्या घालत होती. चाकं जमिनीवरून सुटायच्या आत मी पाच वेळा मेले आणि सहाव्यांदा कॉम्प्युटर बंद केला. भाचा त्या वीस-बावीसांतच होता. सकाळी पोह्यांवर जो वाद झाला, तो हवाई लढायांचे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या कुठल्याही दोन माणसांत कधी ना कधी होतोच. संख्येच्या जोरावर झुंडीनं तुटून पडण्याला खेळानं आळा घालावा का? आणि घालायचा तर कसा?

दोन्ही बाजू हा वाद इतका वाईट लढतात की ऐकवत नाही. मार खाणारे लगेच अभिमन्यूला पुढे करतात. पण अभिमन्यूची तक्रार सहा जण एकावर आले एवढीच नव्हती. युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी मिळून ठरवलेले नियम तेव्हा मोडले गेले होते. आपल्या खेळात असं काही ठरलेलंच नाही; सर्व्हर परवानगी देतो आणि लोक ती वापरतात. मग अधर्म कुणी केला? मारणाऱ्यांचं पालुपद याहून सोपं: "हे युद्ध आहे, भातुकली नाही." वास्तविक ते युद्ध नाहीच. कुणी मेलं नाही, कुठलं शहर पडलं नाही, आणि साडेअकराला भाच्याला आईनं झोपायला पाठवलं. माझं म्हणणं दोघांनाही आवडणार नाही. झुंडीला आळा घातलाच पाहिजे, मात्र तो बंदीनं किंवा शिष्टाचाराच्या व्याख्यानांनी नव्हे, गुणांच्या हिशेबानं घालावा. ज्याला जितका सोपा बळी, त्याला तितकं कमी मिळावं.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करते. गटानं लढणं ही हवाई युद्धातली सगळ्यात जुनी अक्कल आहे. १९१६ साली जर्मन वैमानिक ऑस्वाल्ड बोल्कं यानं आपल्या वैमानिकांसाठी आठ नियम लिहून काढले. त्यांतल्या शेवटच्याचा मथितार्थ असा, की हल्ला शक्यतो चार किंवा सहाच्या गटानं करावा. पुढे १९१७ च्या २३ सप्टेंबरला व्हेर्नर फॉस हा जर्मन वैमानिक आपल्या तीन पंखी फोकर विमानातून एकटा ब्रिटिशांच्या ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधल्या, म्हणजे हवाई तुकडीतल्या, सात-आठ जणांशी लढला. दहाएक मिनिटं त्यानं त्या सगळ्यांना नाचवलं, बहुतेकांच्या विमानांना भोकं पाडली, आणि शेवटी मारला गेला. त्याला मारणाऱ्यांनीच नंतर त्याचं तोंड भरून कौतुक केलं. पण त्या दहा मिनिटांत "आता एकेकानं जाऊ या" असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षाही कुणी करणार नाही. तेव्हा एकट्यानं उडून चौघांच्या तावडीत सापडलेल्यानं रडगाणं गायचं असेल तर मी त्याच्या बाजूनं नाही. (बोल्कंचा मृत्यूही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २८ ऑक्टोबर १९१६ ला एकाच शत्रूविमानाच्या मागे लागताना आपल्याच सहकाऱ्याच्या विमानाला घासून तो पडला. एका सावजावर दोघांची झडप म्हणजे काय, हे आमच्या सर्व्हरवर रोज दिसतं.)

पण गट आणि झुंड यांत फरक आहे, आणि तो नुसत्या आकड्याचा नाही. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत, जर्मन विमानं ब्रिटनवर बॉम्ब टाकायला येत होती तेव्हा, हाच वाद ब्रिटिशांच्याच खऱ्या माणसांत झाला. आग्नेय इंग्लंड सांभाळणारा कीथ पार्क एकेक-दोनदोन स्क्वाड्रन पाठवत असे, कारण वेळच तेवढा मिळायचा. त्याच्या उत्तरेच्या विभागाचा प्रमुख ली-मॅलरी आणि त्याचा लाडका वैमानिक डग्लस बेडर यांचा आग्रह की तीन ते पाच स्क्वाड्रन एकत्र करूनच तुटून पडावं. १५ सप्टेंबरला बेडरच्या पाच स्क्वाड्रन लंडनवर एकदम अवतरल्या तेव्हा जर्मनांना धक्का बसला, हे खरंच. पण एवढं मोठं लटांबर जमवायला जो वेळ जायचा, त्यात बऱ्याचदा बॉम्ब पडूनही जायचे. शिवाय गर्दीत कुणी काय पाडलं याचा पत्ता लागत नाही. त्या एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडल्याचं ब्रिटननं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात पडली होती साधारण साठ. एकच पडतं विमान तिघांनी तीनदा मोजलं होतं. उलट जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धात शिकून आणलेली चार विमानांची रचना, हाताच्या चार बोटांसारखी पसरलेली, इतकी सरस ठरली की पुढे ब्रिटिशांनीही तीच उचलली. चार माणसं एकमेकांची पाठ राखतात. बावीस माणसं मात्र बहुतेक वेळा एकमेकांच्या बंदुकीच्या टप्प्यात येतात आणि मग तोंडानं माफी मागतात. सांघिक कौशल्याचं कौतुक करायचं तर ते चौघांचं करू या. बावीस जणांना लागतो तो फक्त नकाशा बघण्याचा गुण.

आता "हे युद्ध आहे" या वाक्याकडे वळते. युद्धात समोरचा परत येऊ नये म्हणून सगळा खटाटोप असतो. खेळात समोरच्यानं उद्या रात्री नऊला परत यावं लागतं, नाहीतर तुम्ही मारणार कुणाला? १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या विमानतळावर सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना निर्मलजीत सिंग सेखों आपलं नॅट विमान घेऊन उडाले, लढले, आणि त्यात गेले. भारतीय हवाई दलाला मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. धावपट्टीवर गिधाडांसारखं घिरटत राहून उडणाऱ्याला टिपण्याचं जे तंत्र आमच्या खेळात चालतं, त्याचं खरं रूप ते आहे. पण सेखोंच्या मागे एक शहर होतं. माझ्या मागे काय होतं? उद्या सकाळी आठची बस. ज्या परिस्थितीत उडण्यासाठी देश सर्वोच्च सन्मान देतो, त्या परिस्थितीत एखाद्या नोकरदार माणसानं करमणूक म्हणून रात्रीतून दहा वेळा उडावं, ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते? तो निघून जातो. तो गेला की त्याची बाजू आणखी एकानं लंगडी होते, उरलेल्यांवरचा भार वाढतो, म्हणून आणखी दोघं जातात. शेवटी वीस-बावीस जण रिकाम्या विमानतळाभोवती फिरत "आज कुणी खेळायला नाही का?" असं विचारत बसतात. हे मी झुंडीत असतानाही अनुभवलं आहे, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

इथे थोडं गणित करू या, कारण भाच्याला तेच पटलं. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्लंडमधला मोटारगाड्या बनवणारा इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यानं हवाई लढाईबद्दल एक नियम मांडला: सगळे सगळ्यांवर गोळ्या झाडू शकत असतील तर बळ संख्येच्या पटीत वाढत नाही, तिच्या वर्गाच्या पटीत वाढतं. सारख्याच कुवतीचे वीस जण दहांवर गेले, तर वीसचा वर्ग ४०० आणि दहाचा १००; उरले ३००, त्याचं वर्गमूळ सतराच्या थोडं वर. म्हणजे दहाच्या दहा मेले आणि त्या बदल्यात वीसांतले जेमतेम तीन पडले. तीस गेले तर दोनसुद्धा पडणार नाहीत. प्रत्यक्ष हवेतली झुंज इतकी सरळ नसते, पण रोख तोच. आता बक्षिसाचा हिशेब बघा. खेळ प्रत्येक बळीला सारखेच गुण देत असेल, तर मोठ्या घोळक्यात सामील होण्यात जवळजवळ काहीच धोका नाही, आणि प्रत्येक नव्या माणसागणिक तो आणखी कमी होतो. मग लोक सामील होतात यात त्यांचा दोष काय? आणि हेही बघा: वीस जणांनी दहा मारले, म्हणजे निदान दहा जण हात हलवत परतले. तिसांनी दहा मारले तर वीस. झुंडीतल्या बहुतेकांची संध्याकाळ दुसऱ्यानं पाडलेल्या विमानाचा धूर बघण्यात जाते. मार खाणाऱ्याइतकीच झुंड स्वतःचीही मजा घालवते, फक्त तिथे कुणी तक्रार करत नाही, कारण आपण जिंकतोय असं स्क्रीनवर लिहून येतं.

म्हणूनच "खिलाडूवृत्ती दाखवा" या उपदेशावर माझा विश्वास नाही. झुंड कुणी ठरवून काढत नाही. प्रत्येक जण एकेकटा येतो, नकाशावर कुठे काय चाललंय ते बघतो आणि गर्दी असेल तिकडे उडतो. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून "काय ही गर्दी!" म्हणणारा प्रत्येक माणूस त्या गर्दीतलाच एक असतो. त्याला एकट्याला घरी पाठवून रस्ता मोकळा होत नाही.

काही खेळांनी उपाय शोधले, आणि ते कुठे फसले हे बघण्यासारखं आहे. 'एसेस हाय' हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा जुना अमेरिकन खेळ. त्यात बिशप, नाइट आणि रूक अशी बुद्धिबळाची नावं दिलेले तीन देश आहेत. तीन बाजू असल्या की समतोल आपोआप राहतो, असं बरेच जण सांगतात: एक बलाढ्य झाली की उरलेल्या दोन मिळून तिला आवरतील. मराठी माणसानं तरी यावर पटकन विश्वास ठेवू नये. १७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले ते टिपूवर. दोन वर्षांनी त्याचं निम्मं राज्य गेलं, आणि १७९९ मध्ये उरलेलंही. त्याच्या आधीच्याच वर्षी निजामानं तैनाती फौज पत्करलेली होती, आणि १८०२ च्या वसईच्या तहानं दुसऱ्या बाजीरावानंही तेच केलं. लोक बलाढ्यावर चालून जात नाहीत. जिथे लवकर वाटा मिळेल तिथे जातात. तीन बाजूंच्या खेळात दोघांची टोळधाड तिसऱ्यावर पडते ती बहुधा तिसरा दुबळा असतो म्हणून.

त्याच खेळातला दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तिथे प्रत्येक विमानाला एक आकडा आहे. ला-७ सारख्या उत्कृष्ट विमानाचा आकडा कमी, तर हरिकेन किंवा पी-४० सारख्या जुन्यांचा जास्त. एका बाजूला खेळाडू फार झाले की त्या बाजूची कमी आकड्याची विमानं एकामागून एक बंद होत जातात. या उपायात कुणाला हाकललं जात नाही की शिव्या दिल्या जात नाहीत. तुमचं संख्याबळ वाढलं तर जुन्या विमानात बसा, एवढंच. पण यावर जो आक्षेप घेतला जातो तो बिनतोड आहे. हा नियम डोकी मोजतो ती सगळ्या मैदानावरची. दोन्हीकडे चाळीस-चाळीस असतील तर त्याच्या लेखी सगळं ठीक, मग त्यांतले पंचवीस एकाच विमानतळावर दोघांना घेरून का असेनात. आणि उलट, आपली बाजू मोठी आहे पण मी आपला एका कोपऱ्यात चौघांशी एकटा झुंजतोय, तर माझंच आवडतं विमान काढून घेतलं जातं. भारतातून खेळणाऱ्याला हे जास्त बोचतं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा अमेरिकेत, टेक्ससमध्ये, सकाळचे साडेनऊ-साडेदहा. मैदानावर मुळात माणसं थोडी, त्यामुळे पाच-सात जण इकडचे तिकडे झाले की तोल जातो. ज्यानं काही केलं नाही त्याला दंड, ज्यानं केलं त्याला सूट. असा नियम हेतू चांगला असूनही बदनाम होतो, आणि मग लोक म्हणतात, "बघा, आळा घालायचे सगळे प्रयत्न मूर्खपणाचे असतात."

सगळेच नसतात. उत्तर आपल्या मातीत पडलेलं आहे. कबड्डीत एक चढाईपटू सात जणांच्या अंगणात शिरतो. एकावर सात! प्रेक्षकांतून कुणी अभिमन्यूच्या नावानं गळा काढत नाही, उलट तोच क्षण बघायला लोक तिकीट काढतात. का? त्याला परतीची वाट आहे, मधल्या रेषेला हात लागला की सातांचं काही चालत नाही. चढाई तीस सेकंदांत संपते. बोनस रेषेचा गुण मैदानात निदान सहा बचावपटू असतील तरच मिळतो, म्हणजे समोर गर्दी असली तर एकट्याला बक्षीस जास्त. आणि बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असताना त्यांनी पकड केली तर ती सुपर टॅकल, एक गुण वाढीव. जो कमी, त्याच्या यशाचं मोल जास्त. आणखी एक बघा. जुन्या कबड्डीत एक प्रकार असा होता की बाद झालेला गडी अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. म्हणजे लँचेस्टरचंच गणित: एक घसरला की संघ घसरतच जाणार. संजीवनी प्रकारात मात्र समोरचा एक बाद झाला की आपला एक आत येतो. आजची कबड्डी त्या वाटेनं आली आहे. आपल्या लोकांनी हा प्रश्न मातीत खेळून सोडवला आणि तोही कुणाला "सात जण एकदम पकडू नका" असं न सांगता.

हेच आकाशात न्यायला काय हवं? मोजणी सगळ्या मैदानाची न करता त्या त्या भागाची करा. खेळांत नकाशाचे चौकोन असतातच, आणि कोण कुठे आहे हे सर्व्हरला ठाऊकच असतं. एखाद्या चौकोनात आपले वीस आणि त्यांचे चार असतील, तर आपल्या प्रत्येक बळीचं मोल पाचवा हिस्सा आणि त्यांच्या प्रत्येक बळीचं मोल पाचपट. प्रतिकार न होता घेतलेल्या विमानतळाला नावापुरते गुण, झुंजून घेतलेल्याला भरघोस. आणि धावपट्टीवर मरण येत असेल तर मागच्या तळावरून, हवेत उंची मिळूनच, परत येण्याची सोय. ती झाली मधली रेषा. कुणालाही कुठेही जायला बंदी नाही. बावीस जणांनी जायचं तर जावं, फक्त फुकटचा पगार मिळणार नाही.

सगळ्यात जड आक्षेप भाच्यानं शेवटी काढला, आणि तो युद्धाबद्दल नव्हताच. "आम्ही आठ मित्र आहोत. एक बंगळुरूला, एक जर्मनीत, बाकी इथे. आठवड्यातून एकदा एकत्र उडतो. आम्ही काय वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन बसायचं?" याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. लोक या खेळात जिंकायला येतात त्याहून जास्त गप्पा मारायला येतात. तो एक तास हिरावून घेणारा कुठलाही नियम वाईटच. पण मी सांगतेय त्या हिशेबात आठ जणांना आठांसमोर जाण्यापासून कोण अडवतं? उलट आज त्यांना तसं जाण्याचं काही कारण नाही. दोघं असलेल्या तळावर गेलं तर गुण तेवढेच आणि कष्ट कमी. आणि एखाद्या रात्री त्यांना नुसतं हुंदडायचंच असेल तर गुणांची फिकीर तरी कशाला?

नवख्यांचा मुद्दाही खरा आहे: घोळक्याबाहेर ते मिनिटभर टिकत नाहीत. त्यांच्यासाठी पहिले काही तास ही कात्री लावूच नये. लहान मुलांना आपण लिंबूटिंबू म्हणून खेळवतोच की, आणि त्यानं कुणाचा खेळ बिघडत नाही. जाता जाता एक सांगायला हवं. झुंडीविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे जे जुने, मुरलेले खेळाडू आहेत, त्यांतले बरेच जण पंचवीस हजार फुटांवर थांबून खालच्या नवशिक्यांना एका झेपेत टिपतात आणि परत वर जातात. सोपं सावज शोधण्यात ते आणि झुंड सख्खे भाऊ आहेत. हा हिशेब त्यांनाही लागू करावा, अनुभवाचा फरक मोजून. मग बघू या त्यांचा न्यायाचा उमाळा किती टिकतो.

"मग किती जण म्हणजे झुंड?" हा प्रश्न विचारून वाद जिंकल्यासारखं करणारे असतात. चढत्या-उतरत्या मोलाच्या हिशेबात ही रेषा आखावीच लागत नाही. पाचाला चार असतील तर जवळपास पूर्ण गुण, पाचाला एक असेल तर थोडे. संधिप्रकाश नेमका कधी संपतो हे ठरवता येत नाही म्हणून रस्त्यावर दिवे लावायचं कुणी थांबवत नाही.

लबाडी होईल, हे मात्र मान्य. दोन मित्र दोन बाजूंना बसतील, एक जण मुद्दाम एकटा पडलेल्या दुसऱ्याच्या हातून मरत राहील आणि पाचपट गुण वाटून घेतील. तोच तो माणूस त्याच त्याच माणसाकडून मरत असेल तर गुण गोठवता येतात, आणि तरी काही जण सुटतीलच. भाच्याला हे सांगितलं तर त्यानं लगेच तीन पळवाटा शोधून दाखवल्या, त्यांतली एक मला अजून बुजवता आलेली नाही. पण त्या तिन्ही पळवाटांत निदान दोन माणसं समोरासमोर उडत होती.